परसदारी : मेला म्हणून उपटू नका!

मुलांनो, या वेळी काष्टीहून सातवीतल्या आपल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ती लिहिते, "टीव्हीवर स्वयंपाकाच्या कार्यक्रमात हिरव्या काड्यांसारखी एक भाजी पाहिली. नाव अ‍ॅस्परॅगस. ती आमच्या अंगणात लावता येईल का? आई म्हणते, असली विलायती थेरं श्रीगोंद्याच्या उन्हात टिकायची नाहीत."

आईचं अर्धं बरोबर आहे आणि अर्धं चूक. कसं ते सांगते. पण आधी एक काम करा. तुमच्या घरात किंवा शेजारी अलीकडे कुणाचं बाळंतपण झालं असेल, तर फडताळात 'शतावरी कल्प' लिहिलेला डबा आहे का ते बघा. बाळाच्या आईला दुधात घालून देतात ना, तोच दाणेदार गोड कल्प. (तुमच्यापैकी काहींनी तो चोरून चमचाभर खाल्लाय, मला माहीत आहे!) त्या डब्यातली शतावरी आणि टीव्हीवरची ती भाजी एकाच घरच्या लेकी आहेत. दोघींचं आडनाव अ‍ॅस्परॅगस. भाजीवालीचं पूर्ण नाव अ‍ॅस्परॅगस ऑफिसिनॅलिस आणि आपल्या शतावरीचं अ‍ॅस्परॅगस रेसिमोसस. आणखी एक बहीण तुम्ही लग्नात किंवा शाळेच्या गॅदरिंगला नक्की पाहिली आहे. पाहुण्यांना देतात त्या पुष्पगुच्छात गुलाबाच्या मागं मोराच्या पिसासारखी तलम हिरवी नक्षी असते ना, तीही अ‍ॅस्परॅगसच. ती मूळची दक्षिण आफ्रिकेची. माळीबुवा तिला 'फर्न' म्हणतात, पण ती नेचा मुळीच नाही. नेच्याला फुलं येत नाहीत, हिला येतात.

नातेवाईक मोजायला बसलो तर बाकीचेही आपल्या ओळखीचे निघतात. निशिगंध आणि बांधावरची घायपात याच कुळातली. आणि आपल्या तालुक्यात वाफेच्या वाफे भरून असतो तो कांदा? जुन्या पुस्तकांत तोसुद्धा यांच्याच कुटुंबात मांडलेला असे. आता शास्त्रज्ञांनी त्याला शेजारच्या घरात हलवलंय, एवढंच.

आता भाजीच्या बहिणीबद्दल. ती युरोपाकडची. जमिनीत तिचा गड्डा असतो. थंडीत वरचं सगळं वाळतं आणि गड्डा झोपी जातो. वसंत ऋतू आला, माती कोमट झाली, की गड्ड्यातून कोंब वर येतात. हे कोंब म्हणजेच ती भाजी. चांगल्या उबेच्या दिवसांत ते इतके झरझर वाढतात, की सकाळी बोटभर दिसलेला कोंब दुसऱ्या दिवशी वीतभर झालेला असतो. जर्मनीत तर पांढरे कोंब खायची हौस आहे. त्यासाठी वाफ्यावर मातीचा उंच वरंबा चढवतात. कोंब मातीच्या आत अंधारात वाढतो, उजेडच नाही म्हणून हिरवा होत नाही. पण या हौशीलाही तिथं एक वेसण आहे. २४ जून हा संत योहानाचा दिवस. तो आला की कोंब कापणं बंद! मग कितीही मोह होवो. त्यानंतरचे कोंब तसेच वाढू द्यायचे, त्यांची झुडपं होऊ द्यायची. कारण तीच झुडपं उन्हात अन्न तयार करून खाली गड्ड्याला पोचवतात आणि पुढच्या वर्षीचे कोंब त्याच शिदोरीवर येतात. नव्या लावलेल्या वाफ्यातले कोंब तर पहिली दोन वर्षं कुणी तोडत नाही. तेवढा धीर धरला की तोच वाफा पंधरा-वीस वर्षं भाजी देतो.

या भाजीची एक गंमत सांगू? आईबाबांनी नाक मुरडू नये. ती खाल्ली की थोड्या वेळानं लघवीला एक चमत्कारिक वास येतो. काहींना येतो आणि कळतो, काहींना तो वास ओळखताच येत नाही! दुसरी गंमत जास्त मोठी आहे. १८०६ साली फ्रान्समध्ये व्होकलाँ आणि रोबिके या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी या भाजीच्या रसातून एक पदार्थ वेगळा काढला. त्याला नाव पडलं अ‍ॅस्परॅजिन. शास्त्राच्या हाती लागलेलं ते पहिलंवहिलं अमिनो आम्ल. प्रथिनं ज्या वीस अमिनो आम्लांच्या विटांनी बांधलेली असतात, त्यांतली ही एक. म्हणजे तुम्ही ती भाजी जन्मात खाल्ली नसली, तरी तिचं नाव तुमच्या अंगात आहेच!

मग ती श्रीगोंद्यात का नको? तिला झोप लागते, ती थंडीनं. आपल्याकडे डिसेंबरात शेकोटी पेटते खरी, पण तेवढी थंडी तिला पुरत नाही. गड्डा अर्धवट जागा राहतो आणि दमतो. दक्षिण अमेरिकेत पेरू नावाचा देश आहे (झाडावरचा पेरू नव्हे हं!). तिथं थंडी नाही, तरी समुद्राकाठच्या वाळवंटात ही भाजी पिकते आणि जहाजं, विमानं भरभरून परदेशी जाते. ते लोक युक्ती करतात. पाणी तोडून गड्ड्याला झोपवतात, मग पाणी देऊन उठवतात. पण तिथल्या इका खोऱ्यात या पिकासाठी जमिनीतलं पाणी इतकं उपसलं गेलं, की विहिरी खोल खोल न्याव्या लागल्या. ही गोष्ट आपल्या तालुक्यातल्या कुणाला वेगळी समजावून सांगायला नको. कुकडीचं आवर्तन लांबलं की बोअरला काय होतं, ते तुम्ही घरी ऐकताच.

म्हणून काष्टीच्या मैत्रिणीला माझं सांगणं असं, की विलायतेतल्या बहिणीला राहू दे, आपलीच शतावरी लाव. तिला झोपायला थंडी लागत नाही. तिला उन्हाळाच झोपवतो. आणि इथंच माणसं फसतात. मीही फसले होते.

मी पहिलं रोप लावलं ते न्हाणीच्या मोरीजवळ. विचार असा, की सांडपाणी आयतं मिळेल, आपल्याला पाणी घालायला नको. जमीन काळी, चिकट. महिनाभर रोप छान वाढलं, मग पिवळं पडलं. उपटून पाहिलं तर मुळं कुजून त्यांचा लगदा झालेला. शतावरीची मुळं म्हणजे रसानं भरलेल्या पिशव्याच. त्यांना पाणी साठवता येतं, पाण्यात उभं राहता येत नाही.

दुसऱ्या वेळी शहाणपण सुचलं. घराच्या मागं जरा उंचवट्यावर, तारेच्या कुंपणालगत दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घेतला. बुडाशी विटांचे तुकडे आणि मुरूम टाकला. वर पोयट्याची माती, नदीची वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत कालवून भरलं. 'चांगलं कुजलेलं' हे शब्द अधोरेखित करा. शेण कच्चं असलं की त्यात हुमणीच्या पांढऱ्या अळ्या होतात आणि त्या मुळं कुरतडतात. उसाच्या शेतकऱ्याला विचारा, तो हुमणीच्या नावानं बोटं मोडेल! खड्डा भरल्यावर माती जमिनीच्या वर चार बोटं राहील असं पाहिलं, म्हणजे पावसाचं पाणी बुंध्याशी तुंबत नाही. जूनमध्ये रोप लावलं आणि भोवती उसाचं पाचट पसरलं.

रोप रोपवाटिकेतून आणता येतं किंवा बियांपासून करता येतं. बी काळं, टणक, मिऱ्यासारखं असतं. एक दिवस एक रात्र पाण्यात भिजवायचं आणि पावसाळ्याच्या तोंडाशी पिशवीत पेरायचं. पण ते महिना-महिना डोळा उघडत नाही आणि पेरलेल्यांतलं अर्धं तर उगवतच नाही. तेव्हा चार बिया पेरून चार रोपांची वाट पाहू नका, दहा-बारा पेरा.

आमच्या गल्लीतल्या एका मुलीनं तेव्हा या वेलाला दत्तकच घेतलं. ती होती सहावीत. कोंब वर आला की पट्टी लावून उंची मोजायची आणि जुन्या वहीत लिहायची. तिनंच एकदा विचारलं, "मावशी, या वेलाला पानं का नाहीत?" मी म्हटलं, "ही काय एवढी हिरवीगार!" पण पोरीचं बरोबर होतं. शतावरीची सुईसारखी बारीक, झुपक्यानं येणारी 'पानं' ही पानं नसतातच. त्या आहेत बारीक हिरव्या फांद्या, पानांचं काम करणाऱ्या. खरी पानं आक्रसून खवल्यांएवढी झालेली असतात आणि जाड दांड्यावर त्यांचेच काटे बनतात. पान जितकं रुंद तितकं पाणी जास्त उडून जातं, म्हणून वेलानं रुंद पान ठेवलंच नाही. कोरड्या मुलखात राहायचं तर संसार असाच आवरून धरावा लागतो. (काटे आहेत हे मात्र विसरू नका. वेल तारेवर चढवताना सुतळी बांधायचं काम मोठ्या माणसाकडे द्या किंवा जाड हातमोजे घाला.)

पावसाळाभर वेल कुंपणावर चढला. हिवाळ्यात आठ दिवसांनी एक झारी पाणी देत होतो. मार्चपासून वेल पिवळा पडायला लागला. एप्रिलमध्ये सुया गळाल्या. मे महिन्यात तर नुसत्या वाळक्या काटेरी काड्या उरल्या. मी हळहळले. पाणी वाढवावं तर पहिल्या वेलाचा लगदा डोळ्यांसमोर, न वाढवावं तर हा असा. शेवटी एका सकाळी कुदळ घेतली. मेलेला वेल ठेवून काय करायचं? जागा तरी मोकळी होईल.

वहीवाली मुलगी धावत आली. तिच्या मागून तिची आजी. आजीनं एक वाळकी काडी मोडून पाहिली, मग बुंध्याजवळची माती बोटानं जराशी उकरली. आत एक मूळ दिसलं. पांढरट, टच्च भरलेलं. आजी म्हणाली, "अगं, झोपलाय तो. उठंल मृगाला. तू कशाला त्याच्या उशापायथ्याशी कुदळ आपटतीस?"

रोहिणीचा एक शिडकावा झाला आणि मृगात चांगली सर आली. त्यानंतर पाचव्या दिवशी पाचटातून जांभळट हिरवा कोंब वर आला. एक नव्हे, तीन. वहीत पुन्हा आकडे सुरू झाले. एका दिवशी तर मधला कोंब चार बोटं वाढलेला. सुट्टी संपून शाळा सुरू झाली होती, तरी दप्तर पाठीवर घेऊनच मोजणी चाले.

त्या वर्षी दिवाळीनंतर खरी परीक्षा झाली. शेजारच्या काकूंची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ दहा दिवसांचं. काकू सकाळीच खुरपं घेऊन दारात उभ्या. "ताई, तुमच्या वेलाची थोडी मुळं द्या की. डब्यातल्यापेक्षा ताजी ती ताजी."

आता सांगा, बाळंतिणीसाठी मागितलेल्या वस्तूला नाही कसं म्हणायचं? मी गप्प. पण वही छातीशी धरून उभी असलेली पोर म्हणाली, "काकू, वेल सतराच महिन्यांचा आहे. अजून नाही काढायचं." काकूंना राग आला. येणारच. एवढ्याशा पोरीनं वेलासाठी माणसाला अडवावं? मला दोघींचंही पटत होतं, आणि असं दोघांचं पटणं फार अडचणीचं असतं.

शेवटी असं ठरलं, की एका बाजूची माती हलक्या हातानं काढून आधी बघू या. काकूंनीच काढली. मुळं होती, पण पेन्सिलीएवढी बारीक. अशी दहा तोडली असती तरी वाटीभर गर निघाला नसता, वर वेल दुबळा झाला असता. काकू पाहत राहिल्या. मग त्यांनीच माती पुन्हा लोटली आणि हातानं थापटली. आम्ही दोघी पेठेतल्या वैद्यबुवांकडे गेलो. त्यांनी कल्प दिला आणि चार शब्दही सुनावले. कुणाला किती मात्रा हे बाळंतिणीची तब्येत पाहून ठरवावं लागतं, मूळ उपटलं आणि दुधात उकळलं असं करायचं नसतं. हे वाचणाऱ्या आईबाबांनीही ध्यानात ठेवावं. अंगणात औषधी झाड असलं म्हणून आपण वैद्य होत नाही.

आम्ही मुळं काढली ती त्याच्या पुढच्या हिवाळ्यात. वेल पिवळा पडू लागला होता आणि अडीच वर्षांचा झाला होता. खणायच्या आधी दोन दिवस माती ओलवून ठेवली. कुदळ बुंध्यापासून दोन फूट लांब मारली आणि जवळचं काम हातांनी केलं. तेव्हाचं बाळ आता नुकतं चालायला लागलं होतं, ते सगळ्यांच्या आधी खड्ड्यात उतरलं आणि चिखलानं माखून निघालं! बोटाएवढी जाड, हात-हातभर लांब मुळं, एकाच गड्ड्याला झुबक्यानं लटकलेली. 'शत' म्हणजे शंभर, तेव्हा मुलांनी मोजायला घेतली. त्र्याऐंशी भरली. वहीवालीचा चेहरा उतरला. मग खड्ड्यातून मोडकी टोकं शोधून पुन्हा मोजणी, तरी ब्याण्णवच. वाण्याच्या काट्यावर पावणेदोन किलो झाली.

मुळं धुऊन थोडा वेळ उकळत्या पाण्यात टाकली की साल सहज सुटते. आतून एक दोरा निघतो, मुळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तो ओढून काढायची मजा काही औरच! गल्लीतली सगळी पोरं त्या कामाला बसली होती. मग सावलीत वाळवायची. आम्ही ती वैद्यबुवांना नेऊन दिली.

आणि गड्डा? तोच तर महत्त्वाचा. सगळी मुळं तोडून गड्डा फेकून दिला तर वेल संपला. आम्ही गड्ड्याचे तीन तुकडे केले, प्रत्येकाला एक-दोन डोळे आणि तीन-चार मुळं राहतील असे. एक तुकडा त्याच खड्ड्यात, एक वहीवालीकडे आणि एक काकूंच्या परसात. काकूंचा वेल आज माझ्यापेक्षा उंच आहे. त्या मुद्दाम सांगतात!

डोंगरात मात्र गड्डा परत लावायला कुणी थांबत नाही. बाजारात येणाऱ्या शतावरीतली पुष्कळशी रानातून खणून आलेली असते. फळं पिकून बी पडायच्या आधीच वेल मुळासकट निघाला, की त्या जागी पुढच्या वर्षी काहीच उगवत नाही. म्हणून २००० साली स्थापन झालेलं राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ शतावरीची लागवड करा असं सांगत असतं, आणि २०२५ साली केंद्राच्या आयुष मंत्रालयानं शतावरीसाठी खास मोहीमही काढली.

भाजीचं काय, असं काष्टीची मैत्रीण विचारेलच. आहे ना! सह्याद्रीच्या पट्ट्यात पावसाळ्यात शतावरीच्या कोवळ्या कोंबांची रानभाजी करतात. नखानं कट्कन मोडेल एवढाच शेंडा घ्यायचा. चिरून, उकडून, ते पाणी टाकायचं आणि कांद्यावर परतायचा. चव किंचित कडसर. पण वेल दोन पावसाळ्यांचा झाल्याशिवाय एकही कोंब तोडायचा नाही आणि नंतरही पाचांतले चार वेलाला ठेवायचे. आणखी एक. पावसाळा सरताना वेलावर पांढऱ्या, बारीक, सुवासिक फुलांचा सडा पडतो. पुढं वाटाण्याएवढी फळं धरतात, ती लाल होतात, मग काळपट. दिसायला मोहक असली तरी ती खायची नाहीत. धाकट्या भावंडांनाही सांगून ठेवा. ती बियांसाठी.

अंगण नसेल तर बुडाला भोकं पाडलेला तेलाचा पत्र्याचा डबा चालतो. लहान कुंडी नको. एका वाचकाच्या घरी मुळांनी मातीची कुंडी तडकवली होती!

आता तुमचं काम. ज्यांच्याकडे शतावरी आहे, त्यांनी मृगाची पहिली सर पडल्याची तारीख लिहून ठेवा. पहिला कोंब किती दिवसांनी दिसला आणि पुढचे सात दिवस रोज किती वाढला, ते पट्टीनं मोजून पोस्टकार्डावर पाठवा. मोजायची वेळ रोज एकच ठेवा, सकाळी शाळेला निघायच्या आधीची. पुढच्या वेळी आपण कागदी लिंबाच्या आळ्याकडे वळू, कारण पेडगावहून तीन पत्रं आली आहेत आणि तिन्हींत तक्रार एकच आहे. फुलं येतात, लिंबं धरत नाहीत!